निशादीप्त ढगांचे जमिनीवरून निरीक्षण : सूर्याचा कोन, घड्याळ आणि उपकरणे यांचा योग्य क्रम

उन्हाळ्यात ध्रुवीय प्रदेशांवर, सुमारे ८३ किलोमीटर उंचीवर, अतिसूक्ष्म हिमकणांचे पातळ थर तयार होतात. त्यांना निशादीप्त ढग म्हणतात. शास्त्रीय लेखनात नॉक्टिल्युसंट क्लाउड आणि ध्रुवीय मध्यांबरीय ढग (मध्यांबर म्हणजे त्या उंचीवरचा वातावरणाचा थर) ही नावेही आढळतात. या ढगांचे निरीक्षण फसते तेव्हा उपकरण कमी पडलेले असतेच असे नाही. बहुतेक वेळा कामाचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी ठिकाण ठरते, मग कॅमेरा घेतला जातो, मग तारीख पाहिली जाते, आणि त्या ठिकाणी सूर्य क्षितिजाखाली किती अंश जाणार हा प्रश्न तिथे पोहोचल्यावर पुढे येतो. येथे तोच प्रश्न पहिला घेतला आहे आणि बाकीचे टप्पे त्याच्या उत्तरावरून लावले आहेत.

टप्पा १ : सूर्याच्या कोनावरून ठिकाण आणि उपकरण ठरवणे

हे ढग स्वतः प्रकाशत नाहीत. जमिनीवर आणि खालच्या हवेत अंधार पडलेला असावा आणि ८३ किलोमीटर उंचीवर मात्र अजून ऊन पोहोचत असावे, तेव्हाच ते डोळ्यांना किंवा कॅमेऱ्याला दिसतात. सूर्य क्षितिजाखाली साधारण ६ ते १६ अंश असताना ही स्थिती मिळते. ६ अंशांपेक्षा कमी खाली असेल तर आकाश इतके उजळ राहते की ढगांचा मंद प्रकाश त्यात बुडून जातो. १६ अंशांच्या पुढे गेला तर ढगही पृथ्वीच्या सावलीत जातात.

उत्तर गोलार्धात स्थानिक मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली किती अंश असेल हे काढण्यासाठी ९० मधून त्या ठिकाणचे अक्षांश आणि त्या दिवसाची सूर्याची क्रांती (सूर्य खगोलीय विषुववृत्तापासून किती अंशांवर आहे तो कोन) वजा करावी. २१ जूनच्या सुमारास क्रांती २३.४ अंश असते. त्या दिवशी ५५ अंश अक्षांशावर सूर्य ११.६ अंश खाली जातो, ६० अंशांवर ६.६ अंश, आणि ६५ अंशांवर अवघा १.६ अंश. म्हणून ६५ अंशांवरच्या निरीक्षकाला जूनमध्ये कॅमेऱ्याने काहीच मिळत नाही. तोच निरीक्षक १० ऑगस्टला उभा राहिला तर क्रांती १५.६ अंशांपर्यंत उतरलेली असते, सूर्य ९ अंशांहून अधिक खाली जातो आणि हंगामाचा शेवटचा भाग त्याच्या हाती लागतो.

सर्वांत जास्त होणारी चूक इथेच आहे. ढग ध्रुवाकडे दाट असतात, म्हणून कॅमेरा घेऊन शक्य तितके ध्रुवाकडे जावे असे वाटते. पण तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंड येथे, जिथे भारताचे हिमाद्री हे केंद्र २००८ पासून आहे, अक्षांश ७८.९ अंश आहे आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मध्यरात्रीचा सूर्य असतो. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत सप्टेंबर उजाडतो आणि तोवर ढगांचा हंगाम संपलेला असतो. ढग डोक्यावर असूनही तिथून त्यांचे छायाचित्र मिळणार नाही. तिथे लायडर (लेसरच्या परतणाऱ्या प्रकाशावरून अंतर मोजणारे उपकरण) किंवा रडारच हवे.

दक्षिणेकडे हंगाम नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत असतो, पण गणित तेच आहे. अंटार्क्टिकावरील भारती केंद्र सुमारे ६९.४ अंश दक्षिणेस आणि मैत्री सुमारे ७०.८ अंश दक्षिणेस आहे. या दोन्ही ठिकाणी सूर्य ६ अंश खाली जाण्यास फेब्रुवारीचा दुसरा आठवडा लागतो, म्हणजे कॅमेऱ्यासाठी हंगामाचे अगदी शेवटचे दिवस उरतात. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रामार्फत मोहिमेवर जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपला प्रस्ताव लिहितानाच हा हिशेब मांडावा.

कॅमेऱ्यासाठी उत्तम पट्टा ५० ते ६५ अंशांचा. एडिंबरा, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, हॅम्बुर्ग, एडमंटन ही शहरे त्यात येतात. तिथे राहणाऱ्या मराठी माणसांना घराच्या उत्तरेकडच्या मोकळ्या मैदानातूनही उपयुक्त नोंदी करता येतील. उत्तरेचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो, ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो, आणि जूनच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भरात असतो. महाराष्ट्रातून मात्र हे ढग दिसण्याची अपेक्षा ठेवू नये.

इशारा : स्थानिक मध्यरात्र म्हणजे घड्याळातले १२ नव्हे. उन्हाळी वेळ आणि रेखांश यांमुळे जूनच्या अखेरीस स्टॉकहोममध्ये सूर्य सर्वांत खाली असतो तो रात्री १२ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास, आणि एडिंबरामध्ये सव्वा वाजता. १२ वाजता काही दिसले नाही म्हणून सामान आवरणारा निरीक्षक रात्रीचा अर्धा भाग सोडून जातो.

टप्पा २ : क्षितिज आणि जागा

८३ किलोमीटर उंचीचा ढग क्षितिजावर दिसत असेल तर तो प्रत्यक्षात सुमारे १,०२० किलोमीटर दूर असतो. ५ अंश उन्नतांशावर (क्षितिजापासून वरच्या कोनावर) हे अंतर सुमारे ६०० किलोमीटर, १० अंशांवर ३९५, आणि २० अंशांवर २१५ किलोमीटर असते. पृथ्वीची वक्रता धरून काढलेले हे आकडे जवळ लिहून ठेवावेत, कारण जागा निवडण्याचा निकष त्यांतूनच मिळतो. उत्तरेकडचे क्षितिज ३ ते ५ अंशांपर्यंत मोकळे नसेल तर सर्वांत दूरचे, म्हणजे ध्रुवाजवळचे ढग कायमचे गमावले जातात. उत्तरेकडे तलाव, समुद्र किंवा शेते असलेली जागा घ्यावी आणि शहराचा उजेड पाठीशी ठेवावा.

उंची मोजायची असेल तर दुसरे ठिकाण लागते. दोन कॅमेऱ्यांमधील अंतर ३० ते १०० किलोमीटर असावे आणि त्यांना जोडणारी रेषा शक्यतो पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे उत्तरेकडे पाहताना दोन्ही दृष्टिरेषांमध्ये पुरेसा कोन पडतो. ठिकाणे एकामागे एक, उत्तर-दक्षिण रेषेत घेतली तर समोरच्या ढगासाठी हा कोन क्षीण होतो आणि मिळणारी उंची भरवशाची राहत नाही.

टप्पा ३ : घड्याळ आणि कॅमेरा

घड्याळ आधी, कॅमेरा नंतर. कॅमेऱ्याची वेळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) लावावी आणि जीपीएसच्या घड्याळाशी एका सेकंदाच्या आत जुळवावी. सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी जीपीएस घड्याळाच्या पडद्याचे एक छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घ्यावे. त्यामुळे रात्रभरात घड्याळ किती सरकले हे नंतर दुरुस्त करता येते.

एवढी काळजी कशासाठी? मध्यांबरातील वारा ढगांना सेकंदाला अनेक मीटर वेगाने वाहून नेतो. वेग सेकंदाला ५० मीटर धरला आणि दोन कॅमेऱ्यांच्या वेळेत ३० सेकंदांचा फरक पडला, तर त्या अवधीत ढग दीड किलोमीटर सरकलेला असतो. ठिकाणांमधील अंतर ६० किलोमीटर आणि ढग १५ अंश उन्नतांशावर असेल, तर एवढ्या फरकाने उंची सुमारे २ किलोमीटरने चुकू शकते. ढगांच्या थराची जाडीच एक-दोन किलोमीटर असते, त्यामुळे अशा चुकीनंतर त्या मोजमापाचा काही उपयोग उरत नाही.

कॅमेऱ्याबाबत पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. लेन्स २४ ते ५० मिलिमीटरची असावी. फिशआय लेन्स संपूर्ण आकाशावर लक्ष ठेवण्यास चांगली, पण क्षितिजाजवळचे बारकावे मोजण्यास ती अपुरी पडते.

२. फोकस स्वहस्ते करावा. जूनच्या मध्यरात्री ब्रह्महृदय हा ठळक तारा नेमका उत्तर क्षितिजाजवळ असतो, ५६ अंश अक्षांशावर साधारण १२ अंश उंचीवर. त्यावर फोकस साधून लेन्सचे कडे चिकटपट्टीने पक्के करावे.

३. फाइल रॉ स्वरूपात साठवावी आणि व्हाइट बॅलन्स एकच ठेवावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवल्यास रंगाची तुलना अशक्य होते.

४. सूर्य ७ अंश खाली असताना आयएसओ ४००, एफ ४ आणि सुमारे १ सेकंद यांपासून सुरुवात करावी. १० ते १२ अंशांवर आयएसओ ८००, एफ २.८ आणि ४ ते ६ सेकंद. ढग डोक्यावर असतील तर एक्स्पोजर आणखी कमी करावे, कारण जवळचा ढग चित्रात अधिक वेगाने सरकतो.

५. लेन्सवर दव साचते. लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी सुरुवातीपासून चालू ठेवावी. दव पडल्यावर पुसलेली लेन्स फोकस हलवते.

तपासणी : पहिली पाच चित्रे घेतल्यावर पडद्यावर हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाची विभागणी दाखवणारा आलेख) पाहावा. आकाशाचा सर्वांत उजळ भाग उजव्या कडेला आदळत असेल तर एक्स्पोजर घटवावे. जळालेल्या भागातून ढगाची तेजस्विता नंतर कोणत्याही प्रक्रियेने परत मिळत नाही.

टप्पा ४ : रात्रीचा क्रम

सूर्य ५ अंश खाली असतानाच चित्रण सुरू करावे आणि पहाटे तो पुन्हा ५ अंशांवर येईपर्यंत थांबू नये. टाइमलॅप्ससाठी दर १० ते ३० सेकंदांनी एक चित्र पुरते. त्यासोबत यूटीसीच्या ०, १५, ३० आणि ४५ या मिनिटांना डोळ्यांनी पाहून हाताने नोंद करावी: ढग आहेत की नाहीत, डावी-उजवी दिगंश (क्षितिजावरील दिशेचा कोन) मर्यादा, वरच्या कडेचा उन्नतांश, तेजस्विता १ ते ५ या श्रेणीत, आणि रूप. रूपांचे चार प्रकार वापरात आहेत. पहिला प्रकार पडद्यासारखा एकसारखा पसरलेला, दुसरा लांब पट्ट्यांचा, तिसरा जवळजवळच्या बारीक लाटांचा आणि चौथा भोवऱ्यांचा. एकाच वेळी अनेक प्रकार दिसले तर सर्व लिहावेत.

वरच्या कडेबाबत विशेष सावध राहावे. डोक्यावरचा ८३ किलोमीटर उंचीवरील ढग सूर्य ९.२ अंश खाली जाईपर्यंतच उजळतो. सूर्यकिरण खालच्या दाट हवेला घासून येत असल्याने प्रत्यक्षात तो थोडा आधीच विझतो. त्यानंतर केवळ सूर्याच्या दिशेचे ढग दिसत राहतात आणि मध्यरात्रीकडे त्यांची वरची कड खाली सरकते. ही बहुधा सावलीची कड असते, ढगाची नव्हे. 'ढग उत्तरेकडे हटले' अशी नोंद करणारा निरीक्षक प्रत्यक्षात पृथ्वीची सावली मोजत असतो. प्रत्येक नोंदीसमोर त्या वेळचा सूर्याचा कोन लिहिला तर हा घोटाळा टळतो.

टप्पा ५ : ओळख पक्की करणे

सिरस ढगांशी गल्लत फार होते. सिरस ८ ते १२ किलोमीटर उंचीवर असतात आणि सूर्य बराच खाली गेला की उजळ संधिप्रकाशासमोर काळसर दिसतात. निशादीप्त ढग त्याच वेळी पार्श्वभूमीहून उजळ आणि चंदेरी-निळसर असतात. दुर्बिणीतून पाहिल्यास त्यांची बारीक लाटांची रचना अधिक रेखीव होते, तर सिरसच्या कडा पसरट होतात. ऑगस्टमध्ये ध्रुवीय प्रकाशाचाही विचार करावा लागतो. तो बहुधा हिरवट असतो आणि काही सेकंदांत बदलतो. इंद्रधनुषी रंगांचे मौक्तिक ढग स्थितांबरातले आणि हिवाळ्यातले असल्यामुळे उन्हाळ्यात त्यांचा प्रश्न येत नाही. रॉकेटच्या धुराचा पट्टा मात्र अनुभवी निरीक्षकालाही चकवू शकतो, म्हणून एकाकी, वेडावाकडा आणि झपाट्याने विरघळणारा पट्टा दिसल्यास तो शंकास्पद म्हणून वेगळा नोंदवावा.

टप्पा ६ : ताऱ्यांवरून मापन

चित्रातील पिक्सेलला दिगंश आणि उन्नतांश दिल्याशिवाय चित्रातून मोजमाप निघत नाही. त्यासाठी चित्रभर पसरलेले किमान दहा तारे ओळखावेत. उन्हाळी रात्रीत तारे कमी दिसतात, तरी सारथी, ययाती आणि शर्मिष्ठा या तारकासमूहांतील ठळक तारे बहुतेक चित्रांत सापडतात. त्यांच्या गणिताने काढलेल्या आणि चित्रातील स्थानांची जुळणी करून कॅमेऱ्याची दिशा, कल आणि लेन्सची वक्रता काढावी. क्षितिजाजवळच्या ताऱ्यांसाठी वातावरणीय वक्रीभवनाची दुरुस्ती आधी करावी. १० अंशांवर ती अंशाच्या सुमारे अकराव्या भागाइतकी असते.

जुळणीनंतर उरणारी चूक ०.१ अंशापेक्षा कमी असावी. ही मर्यादा कडक वाटेल, पण तिचे कारण भूमितीत आहे. १० अंश उन्नतांशावर ०.१ अंश चुकले की ढगाचे नकाशावरील स्थान सुमारे ३ किलोमीटरने सरकते, आणि ५ अंशांवर सुमारे ६ किलोमीटरने. तिसऱ्या प्रकारच्या बारीक लाटांमधील अंतर काही किलोमीटरच असते. म्हणून ५ अंशांखालच्या भागातून लाटांची लांबी मोजू नये. तो भाग ढगांचे अस्तित्व नोंदवण्यापुरता ठेवावा.

इशारा : चित्रणादरम्यान ट्रायपॉडला धक्का लागला तर पुढच्या चित्रांसाठी जुळणी नव्याने करावी. कॅमेरा कायमचा बसवलेला असला तरी हंगामात किमान एकदा, ऑगस्टच्या अखेरीस खरा अंधार पडल्यावर, भरपूर तारे असलेल्या चित्रावर ती पुन्हा तपासावी.

टप्पा ७ : लायडर

ध्रुववृत्ताच्या आत, दिवसाउजेडी, ढगाची उंची थेट देणारे उपकरण लायडर हेच. नॉर्वेतील आन्डोया बेटावरील अलोमार वेधशाळेत, सुमारे ६९.३ अंश उत्तरेस, अशी मापने दीर्घकाळ चालू आहेत. लेसरचा ५३२ नॅनोमीटरचा स्पंद वर जातो, हिमकणांवरून अत्यल्प प्रकाश परततो आणि परतीच्या वेळेवरून अंतर कळते. ८३ किलोमीटरसाठी ही वेळ ०.५५ मिलिसेकंद आहे. उपकरण सुरू केल्यावर हीच पहिली तपासणी करावी.

१. हवाई वाहतुकीची परवानगी आणि विमान ओळखून लेसर बंद करणारी यंत्रणा आधी तपासावी. ती चालत नसेल तर लेसर आकाशात सोडू नये.

२. दिवसाच्या आकाशाचा उजेड रोखण्यासाठी दुर्बिणीचे दृष्टिक्षेत्र अंशाच्या सुमारे शंभराव्या भागाइतके अरुंद ठेवतात आणि व्यतिकरण फिल्टरसोबत फॅब्री-पेरो एटालॉन (केवळ लेसरच्या तरंगलांबीचा प्रकाश जाऊ देणाऱ्या गाळण्या) लावतात. दृष्टिक्षेत्र एवढे अरुंद असल्याने लेसरचा झोत त्याबाहेर सरकण्याचा धोका सतत असतो. संकेत हळूहळू घटत असेल तर ढग विरळ झाला असे मानण्यापूर्वी ४० ते ६० किलोमीटरवरचा संकेतही घटला आहे का ते पाहावे. दोन्ही एकत्र घटले असतील तर दोष झोताच्या जुळणीत किंवा खालच्या ढगांत आहे.

३. कच्ची नोंद एक-दोन मिनिटांच्या आणि सुमारे १५० मीटरच्या तुकड्यांत साठवावी. पंधरा मिनिटांची सरासरी नंतर केव्हाही काढता येते, पण सरासरीच साठवली तर त्यातल्या लहान लाटा कायमच्या जातात.

४. ढगाच्या वर, सुमारे १०० किलोमीटरपलीकडून, पार्श्वभूमीचा प्रकाश काढून वजा करावा. त्यानंतर ४० ते ६० किलोमीटरच्या पट्ट्यात, जिथे परतणारा प्रकाश केवळ हवेच्या रेणूंचा असतो, संकेत वातावरणाच्या घनतेशी जुळवावा. ढगाच्या उंचीवरचा जादा प्रकाश त्यानंतरच ढगाचा म्हणून मोजावा. ही दोन पावले उलट क्रमाने केली तर दिवसाच्या उजेडाचा काही भाग ढगाच्या खात्यात जमा होतो.

५. दुर्बीण तिरपी असेल तर मिळालेले अंतर तिरपेपणाच्या कोनाच्या कोज्येने (कोसाइनने) गुणावे आणि त्यात वेधशाळेची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवावी. २० अंश तिरप्या दुर्बिणीला ८३ किलोमीटर उंचीचा ढग ८८.३ किलोमीटर अंतरावर दिसतो. ही दुरुस्ती विसरली तर ५ किलोमीटर अधिक उंचीवरच्या थराचा 'शोध' लागतो.

इशारा : ढगांची तेजस्विता स्थानिक वेळेनुसार चढते-उतरते. केवळ कार्यालयीन वेळेत घेतलेल्या मापनांवरून दोन वर्षांची किंवा दोन ठिकाणांची तुलना करू नये.

टप्पा ८ : रडार

५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रडारला उन्हाळ्यात ८० ते ९० किलोमीटरदरम्यान तीव्र प्रतिध्वनी मिळतात. आन्डोयावरील मार्सी रडार ५३.५ मेगाहर्ट्झवर चालते आणि सुमारे २.८ मीटर, म्हणजे तरंगलांबीच्या निम्म्या मापाच्या रचना टिपते. हे प्रतिध्वनी निशादीप्त ढगांशी निगडित असले तरी त्यांना ढगच समजणे चूक आहे. त्यांच्यासाठी विद्युतभारित हिमकण, मुक्त इलेक्ट्रॉन आणि हवेतील क्षोभ या तिन्हींची गरज असते. कण डोळ्यांना किंवा लायडरला दिसण्याइतके मोठे नसले तरी ते मिळू शकतात आणि बहुधा ढगाच्या किंचित वर असतात. उल्केचा प्रतिध्वनी क्षणभराचा असतो. काही मिनिटे टिकणारा थरच मोजणीत धरावा. तीव्रता नुसत्या डेसिबलमध्ये न देता अंशांकित परावर्तकतेत (उपकरणाचा परिणाम वगळून काढलेल्या परावर्तनाच्या मापात) द्यावी, नाहीतर दोन रडारांची तुलना होत नाही.

टप्पा ९ : 'काही दिसले नाही' ही नोंद

नोंदवहीत तीन वेगळे रकाने ठेवावेत: आकाश निरभ्र होते आणि ढग दिसले; आकाश निरभ्र होते आणि ढग दिसले नाहीत; खालच्या ढगांमुळे किंवा उपकरण बंद असल्यामुळे काहीच सांगता येत नाही. दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र केले की ढगांची वारंवारता काढण्याचा आधारच नाहीसा होतो, कारण भागाकारात खाली कोणती संख्या घ्यायची हेच कळत नाही. माझ्या मते या संपूर्ण कामात सर्वांत मोलाचा रकाना दुसरा आहे आणि तोच बहुतेक वह्यांत कोरा असतो.

प्रत्येक सत्राच्या फोल्डरला यूटीसी तारीख, अक्षांश, रेखांश आणि उपकरणाचे नाव द्यावे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या सत्राला सुरुवातीची तारीख द्यायची की शेवटची, हे हंगामाच्या पहिल्या दिवशीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. दोन ठिकाणांच्या निरीक्षकांनी ते एकमेकांना कळवावे आणि ताऱ्यांच्या जुळणीची फाइल, घड्याळाची छायाचित्रे आणि कच्ची चित्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत.